युरोपचा व्हिसा : एका शिक्षकाचा स्वानुभव
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आपल्या चिटणीसांनी मला हॉलंडच्या प्रवासाचे वर्णन करण्याची आज्ञा केली होती. ती मी अर्धीच पाळणार आहे, याबद्दल प्रारंभीच क्षमा मागतो. आम्ही उभयता २०२५ च्या मे महिन्यात तो देश पाहून आलो. तेव्हापासून घरी येणाऱ्या ज्ञातिबांधवांपैकी तेथील फुलांविषयी विचारणारे थोडे, पवनचक्क्यांविषयी विचारणारे त्याहून थोडे. बहुतेकांचा प्रश्न एकच : "गुरुजी, कोणत्याही सहल कंपनीवाचून तुम्हांला व्हिसा मिळाला कसा?" तेव्हा त्याच विषयावर चार शब्द बोलावे असे मी ठरविले. शिवाय या विषयात माझा एक अधिकारही आहे. व्हिसा मिळण्याचा अनुभव पुष्कळांना असतो. मला तो आधी नाकारला जाण्याचाही आहे.

मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला मनुष्य. पुढे अध्यापनाची पदविका घेतली आणि चौतीस वर्षे प्राथमिक शाळेत काढली. माझे इंग्रजी फळ्यावर खडूने लिहिण्यापुरते. जन्म रायगड जिल्ह्यातल्या खारेपाटातला. ज्यांनी ती भूमी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो, की तेथे खाडी आणि भातशेती यांच्यामध्ये मातीचा एक बांध एवढाच काय तो आडपडदा असतो. उधाणाचे पाणी बांध फोडून आत शिरले की त्या शेतात पुढची दोन-तीन वर्षे धड पीक येत नाही. बांधाला खांड पडली अशी हाक आली की माझे वडील जेवत्या ताटावरून उठून जात. मोठेपणी वर्गात भूगोल शिकविताना 'समुद्रसपाटीहून खाली असलेला देश' असे नेदरलँड्सचे वर्णन मी करीत असे, आणि दर वर्षी मनात एकच विचार येई, की आमच्या वडिलांनी आयुष्यभर जे काम फावड्याने केले, ते या लोकांनी एवढ्या मोठ्या प्रमाणावर कसे केले असेल ते एकदा डोळ्यांनी पाहावे. सेवानिवृत्तीनंतर ही इच्छा बोलून दाखविली तेव्हा घरात कोणी हसले नाही, हेच पुष्कळ झाले.

मुख्य विषयाकडे वळण्यापूर्वी एका जुन्या गोष्टीचे स्मरण देतो, कारण ही ज्ञातीची सभा आहे. एके काळी परदेशी जाण्यास परवानगी मागावी लागे ती आपल्याच लोकांकडे. १८८८ साली मोहनदास गांधी नावाचा तरुण विलायतेस निघाला, तेव्हा मुंबईत त्याच्या मोढ वाणी ज्ञातीची सभा भरली आणि त्याला बहिष्कृत करण्यात आले. जो कोणी त्याला साहाय्य करील किंवा बंदरावर निरोप द्यायला जाईल त्याला एक रुपया चार आणे दंड ठरला. १८९१ साली बॅरिस्टर होऊन परत आल्यावर वडील बंधूंनी त्यांना नाशिकला नेऊन गोदावरीत स्नान घडविले, तेव्हा कोठे ज्ञातीतील एका पक्षाचे समाधान झाले. आज आपले मंडळ परदेशी जाणाऱ्यांचा निरोप समारंभ करते, त्यांना नारळ देते, त्यांचे छायाचित्र याच स्मरणिकेत छापते. दंड मागणारी ज्ञाती राहिली नाही. हिशेब विचारणारी वकिलात मात्र आली आहे, आणि गोदावरीच्या स्नानाने तिचे समाधान होत नाही.

आता आमची पहिली फजिती. २०२४ च्या जानेवारीत आम्ही पहिला अर्ज केला. कोणत्या देशाकडे, ते सांगत नाही. त्या देशाचा त्यात काही दोष नव्हता. एका ओळखीच्या दलालाने आम्हांला एक छापील कार्यक्रम काढून दिला. नऊ दिवसांत पाच देश! हॉलंडच्या वाट्याला त्यात एक दुपार आली होती. "आधी व्हिसा तर मिळू द्या, मग हवे तिकडे जा," असे तो म्हणाला. हॉटेलांची आरक्षणेही त्यानेच केली आणि, मागाहून समजले त्याप्रमाणे, अर्ज दाखल होताच ती रद्दही केली. माझ्या बचत खात्यात निवृत्तिवेतन येते आणि संसारात खर्च होते. शिल्लक ती किती असणार? "खाते भरलेले दिसले पाहिजे," हा त्याचा दुसरा मंत्र. त्याप्रमाणे चिरंजीवांनी अर्जाच्या अगोदर तीन आठवडे माझ्या खात्यात चार लाख रुपये भरले. मला हे सारे खटकत होते. पण ज्ञातीत, शेजारीपाजारी 'गुरुजी युरोपला निघाले' अशी वार्ता पसरली होती, आणि मनुष्य एकदा मिरवू लागला म्हणजे त्याला खटकणे परवडत नाही.

पासपोर्ट परत आला तो कोरा, सोबत नकाराचे पत्र. त्यात ठरावीक कारणांची एक यादी छापलेली असते व लागू पडणाऱ्या कारणांपुढे खूण केलेली असते. आमच्या पत्रात दोन खुणा होत्या. मुक्कामाच्या हेतूविषयी व स्वरूपाविषयी दिलेली माहिती विश्वासार्ह नाही, ही पहिली. मुदत संपण्यापूर्वी अर्जदार परत जाईल याविषयी वाजवी शंका आहे, ही दुसरी. मित्रहो, दोघांचे मिळून १६० युरो शुल्क गेले, त्याचे दुःख मी गिळले. परंतु 'विश्वासार्ह नाही' हे शब्द चौतीस वर्षे मुलांना खरे बोलण्याचे धडे दिलेल्या माणसाच्या घरी टपालाने यावेत, हे मला सोसवेना. मी लोकांना सांगितले की प्रकृतीमुळे प्रवास पुढे ढकलला. म्हणजे ज्या आरोपाने मी दुखावलो होतो, तोच मी स्वतःच्या तोंडाने खरा केला. ही गोष्ट आज प्रथमच चारचौघांत सांगत आहे.

महिनाभराने पत्नी म्हणाली, "पेपर तपासता तसा आपलाच अर्ज एकदा तपासून पाहा ना." मी लाल पेन्सिल घेऊन बसलो. परीक्षकाला मुलगा ठाऊक नसतो. त्याच्यापुढे असते ती उत्तरपत्रिका. वकिलातीतल्या अधिकाऱ्याला तुमची नीती, तुमचे गावातील वजन, तुमची सदतीस वर्षांची बिनडाग कारकीर्द यांतले काहीच ठाऊक नसते. त्याच्यापुढे वीस-पंचवीस कागद असतात आणि तो एवढेच पाहतो, की हे सगळे कागद एकाच माणसाची एकच हकीकत सांगतात की नाही. सदतीस वर्षे म्हणालो का मी? चौतीस. पाहा, अशी चूक अर्जात झाली की संपले! आमच्या उत्तरपत्रिकेत अशा चुका जागोजाग होत्या. निवृत्तिवेतन एवढेसे आणि एका दिवसात चार लाख, ते कोठून आले याचा कागद नाही. साठी उलटलेले जोडपे, पहिलाच परदेशप्रवास, आणि रोज नवे शहर. हॉटेलात विचारावे तर आरक्षण नाही. मी स्वतः परीक्षक असतो तरी शून्यच दिले असते.

नकाराच्या पत्रात दाद कोठे व कशी मागावी हेही लिहिलेले असते. अन्याय झाला असेल तर अवश्य मागावी. आमच्यावर तो झालाच नव्हता, म्हणून आम्ही नवा अर्ज करण्याचे ठरविले. नकार म्हणजे बंदी नव्हे. मात्र अर्जांची नोंद त्यांच्या सामाईक यंत्रणेत पाच वर्षे राहते, तेव्हा आधीचा नकार लपविण्याचा मोह कोणी धरू नये.

दुसऱ्या खेपेस आम्ही शेवटाकडून आरंभ केला : मला पाहायचे काय आहे? समुद्राचा बांध. पत्नीला फुले आणि एखादे जुने शांत गाव. एवढे ठरताच कार्यक्रम आपोआप उभा राहिला. दहा रात्री नेदरलँड्समध्ये आणि तीन रात्री शेजारच्या बेल्जियममध्ये, बस.

येथे एक नियम नीट समजून घ्यावा, कारण पुष्कळांची फसगत येथेच होते. ज्याला आपण युरोपचा व्हिसा म्हणतो तो वस्तुतः शेंगेन व्हिसा. १९८५ साली लक्झेम्बर्गमधील शेंगेन नावाच्या लहानशा गावाजवळ मोझेल नदीत एका बोटीवर पाच देशांनी करार केला, त्यावरून हे नाव पडले. आज त्यात २९ देश आहेत आणि एका व्हिसावर सर्वत्र हिंडता येते. इंग्लंड व आयर्लंड त्यात नाहीत. लंडनला जायचे तर निराळा व्हिसा. अर्ज करायचा तो ज्या देशात मुक्काम सर्वांत अधिक त्याच्याकडे. मुक्काम सारखे असतील तर ज्या देशात प्रथम पाऊल टाकणार त्याच्याकडे. अमक्या देशाचा व्हिसा सुलभ मिळतो म्हणून तेथे अर्ज करायचा आणि राहायचे भलतीकडे, ही युक्ती दलाल सांगतात. ती ऐकू नये. अर्ज प्रवासाच्या सहा महिन्यांच्या आत आणि निदान पंधरा दिवस आधी दाखल व्हावा लागतो. परंतु पंधरा दिवसांवर विसंबू नका. निकालाची साधारण मुदतच पंधरा दिवसांची असून ती पंचेचाळीसपर्यंत लांबू शकते, आणि उन्हाळ्याच्या सुटीसाठी अर्जाची तारीख मिळविण्यातच कित्येक आठवडे जातात. काही दलाल या तारखांचाच व्यापार करतात.

पासपोर्ट दहा वर्षांच्या आत दिलेला असावा, परतीच्या दिवसानंतर तीन महिने तरी चालू असावा आणि त्यात दोन पाने कोरी असावीत. हे सोपे आहे. अवघड आहे ते नाव.

आपल्या समाजात लग्नात मुलीचे नाव बदलण्याची जुनी चाल. माझ्या पत्नीचे शाळेच्या दाखल्यावर एक नाव, लग्नानंतर दुसरे. बँकेत सासरचे, पोस्टाच्या ठेवीवर माहेरचे आणि आधार पत्रावर सासरच्या नावातही एक अक्षर निराळे. आपल्याला यात काही वावगे वाटत नाही, कारण आपण त्या बाईला ओळखतो. कागद ओळखत नाहीत. मग विवाहनोंदणीचा दाखला काढला, महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नाव बदलल्याची सूचना प्रसिद्ध केली आणि त्या आधारे सर्व कागदांवर एकच नाव करून घेतले. या कामात चार महिने गेले. माझी सर्व भगिनींना विनंती आहे, की परदेशी जायचे असो वा नसो, हे काम करून ठेवा. पत्नी तेव्हा म्हणाली, "चाळीस वर्षांनी एकदाची मी एक बाई झाले." तिने ते हसत म्हटले, पण मी हसलो नाही.

पैशाचे म्हणाल तर या वेळी आम्ही काहीही फुगविले नाही. निवृत्तीच्या वेळी मिळालेली रक्कम मी मुदत ठेवीत ठेवली होती. दलालाच्या नादाने पहिल्या अर्जात तिच्या पावत्या जोडल्याच नव्हत्या! खरी पुंजी पेटीत आणि उसनी पुंजी कागदावर, असा तो प्रकार. आता ठेवींच्या पावत्या, निवृत्तिवेतनाचा आदेश, सहा महिन्यांचा खातेउतारा आणि आयकराची विवरणपत्रे जोडली. विमानाचे भाडे चिरंजीव देणार होते. ते तसेच उघड लिहिले, त्यांचे पत्र आणि त्यांचा खातेउतारा जोडला. मुलाने बापाला प्रवास घडविणे ही लपविण्याची गोष्ट थोडीच आहे? परत येण्याची खात्री म्हणून गावच्या जमिनीचा सातबारा जोडला, इंग्रजी भाषांतरासह. त्या उताऱ्यात पीक भात आणि खातेदारांत माझ्यासह सहा चुलतभाऊ! त्या अधिकाऱ्याला आमचे भाऊबंदकीचे गणित कितपत उमगले असेल देव जाणे, परंतु एवढे चुलते ज्याच्या उताऱ्यावर आहेत तो जमीन सोडून पळणार नाही, हे त्याला पटले असावे.

प्रवासविमा किमान ३०,००० युरोंचा आणि साऱ्या शेंगेन देशांत चालणारा लागतो. माझा रक्तदाब त्यात मी नमूद केला. हप्ता वाढला, वाढू दिला. विमानाचे आरक्षण दाखवावे, पण व्हिसा हाती येण्यापूर्वी न परतणारे तिकीट विकत घेऊ नये.

सोबत एक पत्र द्यावे, ज्यात आपण कोण, कोठे व कशासाठी जात आहोत आणि खर्च कोण करणार हे लिहिलेले असते. नातवाने ते संगणकाकडून क्षणात लिहवून आणले. इंग्रजी इतके डौलदार, की त्यातील गृहस्थ कोण हे मला ओळखू येईना. मी ते बाजूला ठेवले आणि माझ्या शालेय इंग्रजीत एक पान लिहिले : मी निवृत्त शिक्षक आहे, माझे वडील खाडीचा बांध राखीत, मी मुलांना तुमच्या बांधाविषयी शिकविले आहे आणि तो पाहू इच्छितो, एक वर्षापूर्वी दुसऱ्या एका देशाने मला व्हिसा नाकारला, कारण माझा अर्ज चुकीचा होता. चिरंजीवांना शेवटचे वाक्य नको होते. त्यावरून घरात दोन दिवस वाद झाला. मी ते राहू दिले. त्या पत्रामुळेच व्हिसा मिळाला असे मी म्हणणार नाही; तेथे कागद मोजले जातात, अश्रू नव्हे. परंतु ते पत्र पाकिटात घातल्यावर मला वर्षभरात प्रथमच स्वस्थ झोप लागली.

अर्ज मुंबईतील केंद्रात द्यायचा असतो. ही केंद्रे वकिलातीने नेमलेल्या कंपन्या चालवितात. कागद घेणे, शुल्क घेणे, ठसे घेणे एवढेच त्यांचे काम, निर्णय वकिलातीचाच. सुखासनाची खोली, घरपोच पासपोर्ट, फोनवर निरोप अशा अनेक सेवा तेथे पैसे घेऊन पुरविल्या जातात. त्यांतील एकही सक्तीची नाही आणि तिने व्हिसा मिळण्यास मदत होत नाही. व्हिसाचे शुल्क जून २०२४ पासून प्रौढांस ९० युरो झाले आहे. केंद्राचा आकार त्यावर निराळा. दोन्ही परत मिळत नाहीत.

त्या दिवशीचा एक प्रसंग सांगितल्यावाचून राहवत नाही. दहाही बोटांचे ठसे यंत्रावर द्यावे लागतात. माझे लगेच उमटले. पत्नीचे काही केल्या उमटेनात. चाळीस वर्षे भांडी घासून, भाकरी थापून, तिच्या बोटांवरच्या रेषाच झिजल्या होत्या. खिडकीतील मुलगी मोठी समंजस. तिने ओल्या कापडाने बोटे पुसली, स्वतःच्या हाताने एकेक बोट दाबून धरले आणि तिसऱ्या वेळी यंत्राने ते मान्य केले. पत्नीचा चेहरा गुन्हेगारासारखा झाला होता. आपल्यातील ज्या भगिनींचा हा प्रसंग पुढे यायचा आहे त्यांनी घाबरू नये. आधी आठवडाभर हातांना तेल चोळावे आणि शांतपणे पुन्हा प्रयत्न करू द्यावा. हे ठसे ५९ महिन्यांपर्यंत पुढील अर्जांसाठी चालतात.

बाराव्या दिवशी पासपोर्ट आले. या वेळी त्यात चिकटपत्र होते. ते नीट वाचावे : कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, किती वेळा प्रवेश आणि किती दिवसांचा मुक्काम. तारखांमध्ये अंतर अधिक आणि मुक्कामाचे दिवस कमी असे असू शकते; दिवस हेच खरे. तसेच व्हिसा म्हणजे प्रवेशाचा हक्क नव्हे. ॲमस्टरडॅमच्या विमानतळावर अधिकाऱ्याने आम्हांला मुक्काम किती दिवसांचा आणि राहणार कोठे हे विचारले आणि परतीचे तिकीट पाहिले. सर्व कागद माझ्या पिशवीत होते. मी ते क्रमाने पुढे ठेवले. पत्नी मागून म्हणाली, "हळू, गुरुजी, परीक्षा संपली." ऑक्टोबर २०२५ पासून तेथे प्रवेश व निर्गमनाची नोंद यंत्राने ठेवण्यास आरंभ झाला आहे, ठरल्याहून अधिक राहिलेला दिवस आता कोणाच्या नजरेतून सुटत नाही. एक चांगली गोष्टही सांगतो. एप्रिल २०२४ च्या नियमाप्रमाणे तीन वर्षांत दोन व्हिसे मिळवून ते नियमानुसार वापरणाऱ्या भारतीयास पुढे दोन वर्षांचा व्हिसा मिळू शकतो.

बांध पाहिला. ३२ किलोमीटर लांब, १९३२ साली पुरा झालेला. एका बाजूस खारे पाणी, दुसऱ्या बाजूस गोडे. त्यावरून बसने जाताना मी दोन्ही खिडक्यांतून आलटून पालटून पाहत होतो, तो सहप्रवाशांना थोडा वेडसर वाटलो असेन. या एवढ्या विद्वान देशातही १९५३ च्या एका रात्रीत समुद्र आत शिरला आणि १,८३६ माणसे दगावली, त्यानंतर त्यांनी पुढचे बांध बांधले. वडील असते तर त्यांनी पहिला प्रश्न विचारला असता, की खांड पडली तर हाक कोण मारतो?

आता मंडळास एक सूचना. आपल्यातील किती तरी कुटुंबांची मुले परदेशी आहेत आणि आईबाप येथे दलालांच्या दारी खेटे घालीत आहेत. महिन्यातून एका रविवारी सकाळी मी कार्यालयात बसण्यास तयार आहे. ज्यांचे काम झाले आहे अशा आणखी दोघा-तिघांनी साथ द्यावी. मी कोणाचा अर्ज लिहून देणार नाही. तपासून देईन, लाल पेन्सिलीने. येताना पासपोर्ट, बँकेचे पुस्तक आणि घरातील बाईच्या नावाचे सर्व कागद घेऊन यावे. माझी स्वतःची फाईल आजपासून कार्यालयातील कपाटात ठेवली आहे. दोन्ही अर्ज, सातबारा, ते पत्र, सर्व तिच्यात आहे. पहिल्या नकाराचे पत्र सर्वांत वर लावले आहे. कृपा करून ते कोणी काढून ठेवू नये.